नवे धंदे उभे कसे राहतात: या रिसर्चबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेत. कोणी पीएचडीचा विषय शोधतंय, कोणी स्वतःच धंदा टाकायच्या विचारात आहे, कोणी नुसतंच उत्सुक. तेच तेच परत यायला लागलं म्हणून एका जागी टाकतोय. सोप्याकडून अवघडाकडे असा साधारण क्रम आहे, आणि एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तर परत न लिहिता फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. उद्योजकतेवर रिसर्च म्हणजे नक्की काय करतात? धंदा कसा करावा हेच ना?

नाही, ते एमबीएच्या वर्गात. रिसर्चवाल्यांचे प्रश्न वेगळे असतात: धंद्यात कोण उतरतं आणि कोण नाही, एकाच परिस्थितीत एकाला जे दिसतं ते शेजारच्याला का दिसत नाही, डोक्यात कल्पना आल्यापासून पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत मध्ये काय काय घडतं, त्यातले कोण तगतात आणि या सगळ्याचा बाकीच्या अर्थव्यवस्थेला काय उपयोग. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, मॅनेजमेंट असे सगळ्या बाजूचे लोक यात आहेत आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही. २००० साली स्कॉट शेन आणि एस. वेंकटरमण यांनी एका पेपरमध्ये विषयाची हद्द आखायचा प्रयत्न केला, की संधी येतात कुठून, त्या कोणाला दिसतात आणि मग त्यांचं पुढे काय केलं जातं याचा अभ्यास म्हणजे हा विषय. तो पेपर आजही सगळे उद्धृत करतात, निम्मे मान्य करायला आणि निम्मे भांडायला.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण खाली ती सारखी येणार आहे. या विषयातले बरेचसे वाद शेवटी मोजणीवर येऊन थांबतात, म्हणजे कोणाला मोजलं आणि कधीपासून मोजायला घेतलं. कुठलाही आकडा दिसला की आधी हे दोन प्रश्न विचारा.

२. हा विषय कधीपासून आहे? आणि सगळे शुम्पेटरचंच नाव का घेतात?

विचार जुना आहे, विषय नवा. रिशार कांतियों याचं पुस्तक तो गेल्यावर १७५५ मध्ये छापलं गेलं, त्यातला उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाने घेणारा आणि न ठरलेल्या भावाने विकणारा, आणि माझ्या मते याहून नेटकी व्याख्या अजून फारशी कोणी केलेली नाही. १९११ मध्ये जोसेफ शुम्पेटरने मांडलं की उद्योजक असलेल्याच गोष्टींची नवी जुळणी करतो आणि बाजाराची बसलेली घडी मोडतो, 'सर्जनशील विनाश' हा त्याचा गाजलेला शब्दप्रयोग १९४२ चा. फ्रँक नाइटने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या काढल्या. जोखमीत शक्यता तरी मोजता येते, अनिश्चिततेत तेही नाही, आणि नफा मिळतो तो ही दुसरी गोष्ट अंगावर घेतल्याबद्दल. इस्रायल कर्झनरने १९७३ मध्ये जवळजवळ शुम्पेटरच्या उलट बाजू घेतली, की उद्योजक घडी मोडत नाही, बाजारात राहिलेल्या फटी त्याला इतरांच्या आधी दिसतात एवढंच. शुम्पेटरचं नाव जास्त येतं कारण त्याचं चित्र भव्य आहे, पण आजूबाजूचे बहुतेक धंदे कर्झनरच्या चित्रात जास्त बसतात.

मधली कित्येक दशकं मुख्य अर्थशास्त्रात उद्योजक जवळपास गायबच होता, विल्यम बॉमोलने १९६८ मध्ये तक्रार केली की हॅम्लेटच्या चर्चेतून डेन्मार्कचा राजपुत्रच काढून टाकलाय. हार्वर्डमध्ये पहिला कोर्स १९४७ ला झाला, 'जर्नल ऑफ बिझनेस व्हेंचरिंग' १९८५ ला निघालं. स्वतंत्र विषय म्हणून वय तेवढंच.

३. धंदा "सुरू झाला" असं नक्की कधी धरतात? रजिस्ट्रेशन केलं की झालं ना?

रजिस्ट्रेशन ही एक तारीख आहे, तीही सोयीची, म्हणजे सरकारी डेटा तयार मिळतो. पण कोणी रजिस्ट्रेशन करून तीन वर्षं काहीच विकत नाही, कोणी तीन वर्षं विकतो आणि मग सीएने टोकल्यावर रजिस्ट्रेशन करतो. जेरोम काट्झ आणि विल्यम गार्टनर यांनी १९८८ मध्ये उभ्या राहत असलेल्या संस्थेच्या चार खुणा सांगितल्या: हेतू, साधनं, सीमा (म्हणजे वेगळं नाव, वेगळं खातं, "हे माझं आणि हे धंद्याचं" असं वेगळं होणं) आणि देवाणघेवाण. गंमत अशी की या चार गोष्टी ठराविक क्रमाने येत नाहीत. काहींचं पहिलं गिऱ्हाईक आधी येतं आणि धंदा करायचाय हा विचार नंतर.

हे पकडायला अमेरिकेत पीएसईडी नावाचा मोठा अभ्यास झाला, पॉल रेनॉल्ड्स हे त्यातलं मुख्य नाव. त्याच्या दुसऱ्या फेरीत २००५–०६ मध्ये ३१,८४५ प्रौढांना फोनवर गाळणीचे प्रश्न विचारले आणि त्यातून सध्या धंदा उभा करायच्या खटपटीत असलेले १,२१४ लोक निघाले, मग त्यांना पुढची काही वर्षं परत परत गाठलं. 'सुरू झाला' म्हणायची त्यांची कसोटी बरीच कडक होती, वर्षभरातले निम्म्याहून जास्त महिने उत्पन्नातून सगळा खर्च निघाला पाहिजे, मालकाचा पगार धरून. सहाएक वर्षांनी त्या कसोटीला उतरले साधारण तिघांतला एक, मोठ्या संख्येने लोकांनी नाद सोडला होता आणि काही जण तेव्हाही "चाललंय, होईल" याच अवस्थेत होते. हा शेवटचा गट कुठल्याच सरकारी आकडेवारीत सापडत नाही.

४. दहातले नऊ स्टार्टअप बुडतात म्हणे. खरं का?

या रूपात नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी ब्युरोचे आकडे वर्षानुवर्षं जवळपास सारखे येतात: पहिल्या वर्षात साधारण २०% बंद, पाच वर्षांत निम्मे, आणि दहा वर्षांनी तिघांतला एक चालू. म्हणजे दहा वर्षांनीसुद्धा दहातले नऊ नाही.

आता मोजणी बघा. हे आकडे निदान एक पगारी माणूस ठेवलेल्या धंद्यांचे आहेत. एकट्याने चालवलेले यात नाहीत, आणि प्रश्न ३ मधले सुरूच न झालेले तर नाहीतच. त्यांना धरलं तर चित्र खूप वाईट होतं. उलट बाजूने, व्हेंचर कॅपिटलवाल्यांची (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे गुंतवणाऱ्यांची) 'फेल'ची व्याख्याच वेगळी, त्यांचे पैसे पुरेसे वाढून परत आले नाहीत की फेल, मग कंपनी चालू असली आणि माणसांना पगार देत असली तरी. 'दहातले नऊ' कोणी म्हटलं की तो यातल्या कुठल्या गटाबद्दल बोलतोय ते विचारा, बहुतेकांना सांगता येत नाही.

नवेपणाचा धोका ही कल्पना मात्र पक्की आहे, आर्थर स्टिंचकोम्बने १९६५ मध्ये मांडलेली, की नव्या संस्थेत कामं नवी, माणसं एकमेकांना नवी, बाहेर कोणी ओळखत नाही, म्हणून त्या जास्त मरतात. जर्मन डेटावर ब्रुडेर्ल आणि श्युसलर यांनी १९९० मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली, की अगदी सुरुवातीला गाठीशी भांडवल आणि उत्साह असतो त्यामुळे मरण थोडं पुढे ढकललं जातं, खरा धोका नंतर वाढतो आणि मग उतरतो.

५. पण बंद पडला म्हणजे फेलच ना?

नाही. ब्रायन हेड यांच्या २००३ च्या अभ्यासात बंद झालेल्या धंद्यांच्या मालकांना विचारलं होतं तर साधारण एक तृतीयांश म्हणाले की बंद करताना धंदा नीट चालला होता. चांगली किंमत आली म्हणून विकला, वय झालं, त्याहून बरी नोकरी आली, गाव बदललं. डेटाबेसमध्ये हे सगळं "बंद" याच रकान्यात जातं. उलटही होतं, कधीचा बंद व्हायला हवा होता असा धंदा मालक स्वतःच्या जिवावर ओढत राहतो आणि आकडेवारीत तो "टिकला" म्हणून मिरवतो. त्यामुळे टिकणं म्हणजे यश असं थेट धरणारा पेपर मी जरा जपूनच वाचतो.

६. उद्योजक जन्मावा लागतो का? स्वभावावर किती असतं?

१९६० च्या दशकात याच प्रश्नाचा जोर होता. डेव्हिड मॅकलेलंडने १९६१ मध्ये कर्तृत्वाची ओढ हा मुद्दा पुढे आणला, मग जोखीम घ्यायची वृत्ती, मग आपलं नशीब आपल्या हातात असल्याची भावना, अशी यादी वाढत गेली. १९८८ मध्ये गार्टनरने पेपरच लिहिला की "उद्योजक कोण असतो" हा प्रश्नच चुकीचा आहे, तो काय करतो ते बघा, कारण तोच माणूस आयुष्याच्या एका टप्प्यावर धंदा करतो आणि दुसऱ्यावर नाही, स्वभाव तर तोच असतो ना.

प्रश्न काही मेला नाही तरी. झाओ आणि सायबर्ट यांनी २००६ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर उद्योजक मॅनेजर लोकांपेक्षा जास्त काटेकोर आणि नव्या अनुभवांना जास्त मोकळे निघाले, फरक खरा पण छोटा. जोखमीच्या आवडीवर तर दोन मोठी एकत्रीकरणं (स्टुअर्ट–रॉथ २००१ आणि मायनर–राजू २००४) चक्क एकमेकांच्या विरुद्ध निष्कर्षाला पोचली. अतिआत्मविश्वासाबद्दल मात्र फारसा वाद नाही. १९८८ च्या एका अमेरिकन अभ्यासात जवळपास ३,००० नव्या मालकांपैकी ८१% जणांनी स्वतःच्या यशाची शक्यता दहात सात किंवा जास्त सांगितली, आणि ३३% जणांनी सरळ दहात दहा.

७. घरात कोणी धंद्यात असेल तर मुलं धंद्यात जातात हे तर दिसतंच. ते रक्तात असतं की संस्कारात?

स्वीडनमध्ये दत्तक मुलांचा डेटा आहे, जन्मदाते आणि वाढवणारे दोन्ही आईबाप नोंदलेले, त्यामुळे तिथे हे वेगळं करता आलं. लिंडक्विस्ट, सोल आणि व्हॅन प्राग यांचा २०१५ चा पेपर: पालक उद्योजक असतील तर मूल उद्योजक व्हायची शक्यता साधारण ६०% ने वाढते, आणि त्यात वाढवणाऱ्या पालकांचा वाटा जन्मदात्यांच्या दुप्पट. रक्ताचा वाटा आहे, पण घरात रोज काय बघितलं त्याचा जास्त.

८. माझं वय ४३. आता उशीर झाला का?

आकडे तुमच्या बाजूने आहेत. अझुले, जोन्स, किम आणि मिरांडा यांनी अमेरिकेतल्या २७ लाख संस्थापकांचा (निदान एक माणूस कामाला ठेवलेल्या) सरकारी डेटा पाहिला, सुरू करतानाचं सरासरी वय जवळपास ४२. सगळ्यात झपाट्याने वाढलेल्या हजारातल्या एका धंद्याचा संस्थापक सरासरी ४५ वर्षांचा. पन्नाशीतल्या माणसाची तिथवर पोचायची शक्यता तिशीतल्याच्या जवळपास दुप्पट, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेलं असेल तर आणखी फायदा. कॉलेज सोडून अब्जाधीश झालेला पोरगा लक्षात राहतो कारण तो अपवाद आहे, आणि बातमीही त्याचीच होते. अर्थात यात गणित करताना हेही धरा की ४३ व्या वर्षी धंद्यात उतरणारे लोक स्वतः निवडून उतरलेले असतात, वाट्टेल त्याला उतरवलं तर तेच होईल असं नाही.

९. संधी बाजारात पडलेली असते आणि ती शोधायची, की आपण ती तयार करायची?

यावर लोकांनी करिअर केलंय. 'शोधतात' वाल्यांचा आवडता पुरावा शेन यांचा २००० चा अभ्यास. एमआयटीचं थ्रीडी प्रिंटिंगचं एक पेटंट, त्यातून आठ वेगवेगळ्या टीमनी आठ वेगवेगळ्या संधी पाहिल्या, कोणी कृत्रिम हाडं, कोणी औषधं, कोणी साचे, आणि प्रत्येकाला तेच दिसलं जे तो आधीपासून ओळखत होता. एकालाही दुसऱ्याची संधी दिसली नाही.

'घडवतात' बाजूला सारस सरस्वती. २००१ मध्ये त्यांनी मांडलं की मुरलेला उद्योजक ध्येय ठरवून साधनं गोळा करत नाही, तो हातात काय आहे, मी कोण, माझ्या ओळखीचे कोण इथून सुरू करतो, किती बुडालं तर चालेल ते आधी ठरवतो आणि पुढे येतील त्या भागीदारांप्रमाणे ध्येयच बदलत जातं. फ्रिजमध्ये काय आहे ते बघून स्वयंपाक ठरवतात तसं. हे २७ अनुभवी संस्थापकांना मोठ्याने विचार करायला लावून काढलेलं आहे. पटणारं आहे, मलाही पटतं, पण ते सगळे यशस्वीच होते. हातात असेल त्यातून सुरुवात करून बुडालेले किती, ते त्या सॅम्पलमध्ये नाही (प्रश्न १८ बघा).

१०. बिझनेस प्लॅन लिहायचा की नाही? सर एक सांगतात, यूट्यूबवाले दुसरं.

सर आणि यूट्यूबवाले दोघांकडेही पेपर आहेत, आणि दोन्ही स्वीडनचे. डेल्मार आणि शेन (२००३) यांनी १९९८ मध्ये नुकतेच हात घातलेले २२३ धंदे घेतले, पहिले ३० महिने पाहिले: आधी प्लॅन केलेल्यांनी मध्येच सोडून द्यायचं प्रमाण कमी. होनिग आणि कार्लसन (२००४) यांनी ३९६ घेतले, दोन वर्षं पाहिले: लिहिलेल्या प्लॅनचा नफ्याशी संबंध सापडला नाही आणि टिकण्याशी असलाच तर पुसट. लोक प्लॅन का लिहितात, तर बँक मागते, सरकारी योजना मागते, बाकीचे लिहितात.

एकच देश, जवळपास एकच काळ, तरी उत्तर वेगळं. कारण परत तेच. एकाने अगदी सुरुवातीच्या बिंदूवर पकडलेले लोक घेतले, दुसऱ्याच्या सॅम्पलमध्ये खटपट करून काही काळ झालेलेही होते, आणि तोवर तगले तेच हाती लागतात. त्यात 'प्लॅन' म्हणजे एकाने विचार करून क्रम लावणं धरलं, दुसऱ्याने छापील कागद. शिवाय जो गंभीर आहे तोच प्लॅन लिहितो आणि तोच टिकतो, मग श्रेय कागदाचं की गंभीरपणाचं? ब्रिंकमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा प्लॅनिंगचा फायदा दिसला, पण नव्या धंद्यांना कमी आणि आधीपासून चालू असलेल्यांना जास्त, जे साहजिक आहे कारण प्लॅन करायला माहिती लागते आणि नव्याकडे ती नसते.

माझं मत विचाराल तर लिहा, पण महिनाभर कागद सजवत बसू नका. काय खोटं ठरलं तर हे सोडून द्यायचं, ते एका ओळीत लिहिता आलं पाहिजे (पुरावा प्रश्न १५ मध्ये).

११. लोक धंदा करत नाहीत कारण भांडवल नसतं. एवढं साधं आहे ना हे?

अर्धं. श्रीमंत लोक जास्त धंदे काढतात हे जुनंच निरीक्षण, आणि १९८० च्या शेवटापासून बऱ्याच पेपरनी ते भांडवलाच्या अडचणीचा पुरावा म्हणून वाचलं. मग २००४ मध्ये हर्स्ट आणि लुसार्दी यांनी अमेरिकन डेटात दाखवलं की संपत्ती आणि धंदा सुरू करणं यांचा संबंध बहुतेक लोकांत सपाटच आहे, तो वर चढतो फक्त सगळ्यात श्रीमंत ५% मध्ये. म्हणजे तिथे तरी बहुतेक धंदे इतके छोटे सुरू होतात की भांडवल हा मोठा अडसर नाही.

गरीब देशांत चित्र वेगळं. श्रीलंकेत डी मेल, मॅकेंझी आणि वुडरफ यांनी छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या काढून १०० किंवा २०० डॉलरची मदत दिली, आणि त्यावर महिन्याला ५% च्या आसपास परतावा निघाला (२००८ चा पेपर). हा कुठल्याही बँकेच्या व्याजाहून जास्त, म्हणजे पैशाची खरीच अडचण होती. पण लगेच "मग सगळ्यांना कर्ज द्या" म्हणू नका. मायक्रोक्रेडिटवर (म्हणजे गरिबांना दिलेली छोटी कर्जं) बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले प्रयोग २०१५ मध्ये एकत्र छापले गेले, परिणाम थोडा चांगला, आयुष्य बदलणारा नाही. उलट नायजेरियात सरकारने स्पर्धेतून निवडलेल्यांना सरासरी ५०,००० डॉलरच्या घरात अनुदान दिलं तेव्हा तीन वर्षांनी धंदा चालू असणं आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असणं, दोन्ही बरंच वाढलेलं दिसलं. तिथे निवड कडक आणि रक्कम मोठी, परत फेडायचीही नव्हती.

१२. त्याच श्रीलंकेच्या अभ्यासात बायकांच्या धंद्यात पैसे घालून काही फायदा झाला नाही असं वाचलं. म्हणजे बायकांना मदत देऊन उपयोग नाही?

आकडा बरोबर, निष्कर्ष चुकीचा, आणि तो कसा सुटला ते बघण्यासारखं आहे. बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी २०१९ मध्ये श्रीलंका, भारत आणि घानाचा डेटा परत उघडला आणि धंद्याऐवजी घर हे एकक धरलं. दिसलं असं की बाईला मिळालेला पैसा बरेचदा नवऱ्याच्या धंद्यात जात होता, आणि पूर्ण घराची कमाई मोजली तर पैसा बाईच्या हातात दिला की पुरुषाच्या, फायदा साधारण तेवढाच. ज्या घरात धंदा फक्त बाईचाच होता तिथे तिचा फायदाही पुरुषांच्या बरोबरीने. पैसा नवऱ्याकडे का वळतो हा प्रश्न उरतोच, पण तो हुशारीचा प्रश्न नाही.

१३. नोकरी सोडून उडी मारावी की सोबत चालवावं?

राफी आणि फेंग (२०१४): नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग नोकरी सोडलेल्यांचा धंदा बंद पडायचा धोका थेट उडी मारलेल्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. त्यांचं स्पष्टीकरण असं की सोबत चालवताना आपल्याला हे जमतंय का ते कळतं, आणि ज्यांना जमत नाही ते नोकरी न सोडताच गुपचूप थांबतात. म्हणजे यातही गाळणी आहे, आणि इथे तोच फायदा आहे.

१४. धंद्यात नोकरीपेक्षा जास्त कमाई होते ना?

बार्टन हॅमिल्टनने २००० मध्ये दाखवलं की दहा वर्षं स्वतःचा धंदा केलेल्यांत कमाईच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या माणसाची कमाई तेवढाच काळ नोकरी केलेल्यापेक्षा ३५% कमी. मग लोक का करतात? कोणाचं ऐकावं लागत नाही याची किंमत ते मोजतात, हे एक उत्तर. हर्स्ट आणि पग्सली यांना २०११ मध्ये हेही दिसलं की बहुतेक छोट्या मालकांना मोठं व्हायचंच नसतं, काही नवं आणायचंही नसतं.

पण २०१७ मध्ये लेव्हिन आणि रुबिनस्टाइन यांनी 'स्वतःचा धंदा' हा ढीगच दोन भागांत तोडला. कंपनी म्हणून नोंदलेले एकीकडे, नुसतेच स्वयंरोजगारवाले दुसरीकडे. पहिले नोकरदारांपेक्षा जास्त कमावतात, दुसरे कमी. पहिल्या गटातले लोक लहानपणी चाचण्यांमध्ये हुशार निघाले होते आणि त्याच वयात नियमबाह्य उद्योगही त्यांनी जास्त केले होते, दोन्ही एकत्र. (पालकांनी यातून काही शिकू नये.) आणि गुस्तावो मान्सो यांनी २०१६ मध्ये दाखवलं की जमलं नाही तर दोनेक वर्षांत नोकरीत परतणाऱ्यांच्या पगारावर फारसा फटका दिसत नाही, त्यामुळे एका वर्षाची कमाई बघून धंदा वाईट ठरवणं चूक, प्रयोग करून परतायची वाटही त्यात धरली पाहिजे.

१५. ट्रेनिंग घेऊन फरक पडतो का?

कुठलं ट्रेनिंग त्यावर. टोगोमध्ये १,५०० छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला (२०१७ ला छापला). हिशोब, मार्केटिंग असं नेहमीचं ट्रेनिंग मिळालेल्यांचा नफा ११% वाढला, पण तो योगायोगही असू शकतो इतका कच्चा आकडा. स्वतःहून पुढाकार घेणं, अडचण यायच्या आधी विचार करणं, अडलं तर चिकटून राहणं असं मानसशास्त्रावर आधारलेलं ट्रेनिंग मिळालेल्यांचा ३०%. दुसरा इटलीतला, कामुफ्फो आणि सहकारी, ११६ स्टार्टअप: निम्म्यांना आपली कल्पना वैज्ञानिकासारखी तपासायला शिकवलं, आधी अंदाज मांडा, मग तो खोटा ठरवायचा प्रयत्न करा. त्यांची कमाई जास्त झाली, आणि त्यांनी कल्पना बदलायचं प्रमाणही जास्त. या ट्रेनिंगने लोक आपली पहिली कल्पना सोडतात, आणि तरीही तो यशाचा आकडा आहे. पहिली कल्पना टिकण्यालाच यश मानणारा अभ्यास असता तर हेच ट्रेनिंग फेल ठरलं असतं (प्रश्न ५).

१६. नोकऱ्या छोटे धंदेच तयार करतात असं प्रत्येक भाषणात असतं. खरं?

हे सुरू झालं डेव्हिड बर्चच्या १९७९ च्या अहवालापासून. पुढे त्यावर टीका झाली की यंदा योगायोगाने छोटी झालेली कंपनी पुढच्या वर्षी मूळपदावर येते आणि ते "छोट्यांनी दिलेल्या नोकऱ्या" म्हणून मोजलं जातं. २०१३ मध्ये हॉल्टिवांगर, जार्मिन आणि मिरांडा यांनी वय हिशोबात घेतलं आणि आकाराचा परिणाम जवळपास उडालाच. नोकऱ्या तयार करतात ते नवे धंदे, आणि नवे बहुधा छोटे असतात म्हणून गोंधळ होतो. जुना आणि छोटाच राहिलेला धंदा फारशा नव्या नोकऱ्या देत नाही. नव्यांतलेही बरेच बंद होतात, उरलेल्यांतले थोडे जोरात वाढतात, आणि ओझं ते उचलतात.

१७. जागतिक यादीत गरीब देश उद्योजकतेत वर कसे?

कारण जीईएम नावाचा सर्व्हे (१९९९ मध्ये १० देशांपासून सुरू) माणसांना विचारतो, कागदांना नाही. १८ ते ६४ वयातले किती टक्के लोक धंदा उभा करतायत किंवा ४२ महिन्यांच्या आतला चालवतायत, हा त्यांचा मुख्य आकडा. रस्त्याकडेला माल मांडून बसलेलाही त्यात येतो, नोकरीच मिळत नाही म्हणून उतरलेलाही. जागतिक बँकेचा डेटा उलट नोंदलेल्या कंपन्या मोजतो, तिथे श्रीमंत देश वर. दोन्ही बरोबर आहेत, वेगळ्या गोष्टी मोजतायत. गरजेपोटी की संधी दिसली म्हणून, हा फरक जीईएमने २००१ पासून विचारायला घेतला, पण दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात हे पुढे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

१८. मी २० यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती घेऊन प्रबंध लिहिणार आहे. चालेल ना?

मुलाखती जरूर घ्या, पण "यशाची कारणं" असं नाव देऊ नका. त्या वीस जणांनी धाडस केलं असेल, पण धाडस करून बुडालेले दोनशे तुमच्याकडे नाहीत. येर्कर डेन्रेल यांनी २००३ मध्ये हे नीट मांडलंय: ज्या गोष्टी माणसाला एकतर खूप वर नेतात किंवा साफ बुडवतात त्या नुसत्या वाचलेल्यांत बघितल्या तर गुणकारीच दिसतात. दुसरी अडचण आठवणींची. कासार आणि क्रेग यांनी (२००९) पीएसईडीच्याच लोकांत पाहिलं, सुरुवातीला मोठा विश्वास सांगणारे लोक धंदा उभा न राहिल्यावर "मला तेव्हाच तसं वाटत होतं" म्हणायला लागले. लोक मुद्दाम खोटं बोलत नाहीत, आठवणच बदलते. म्हणून जमलं तर सध्या खटपटीत असलेले लोक पकडा आणि दर काही महिन्यांनी गाठा. वेळखाऊ आहे, गाईड कुरकुर करतील, तरी.

१९. गुंतवणूकदार बायकांना वेगळी वागणूक देतात याला पुरावा आहे की नुसती चर्चा?

आहे. कॅन्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये टेकक्रंच डिसरप्ट या स्टार्टअपच्या स्पर्धेतली प्रश्नोत्तरं तपासली. पुरुषांना जास्त करून "किती मोठं होईल" या धाटणीचे प्रश्न, बायकांना जास्त करून "बुडणार नाही कशावरून" या धाटणीचे, आणि दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आले की मिळालेला पैसाही कमी. बचावाच्या प्रश्नाला वाढीचं उत्तर देणाऱ्यांना तुलनेने जास्त मिळाला, हे कामाचं आहे.

२०. विकत घेतलेला धंदा, वडिलांकडून आलेला, फ्रँचायझी, जुन्या कंपनीतून फुटून काढलेला: हे सगळे "नवे" धरायचे का?

इथे नियम नाही, तुमच्या प्रश्नावर ठरतं. वडिलांकडून आलेला धंदा माणसाच्या दृष्टीने नवा (तो पहिल्यांदा मालक झाला), संस्थेच्या दृष्टीने जुना. माणसावर अभ्यास असेल तर घ्या, संस्था कशा जन्मतात यावर असेल तर बाहेर. विकत घेतलेल्याचंही तेच. सरकारी डेटात मात्र मालक बदलला की नोंदणी नंबर बदलू शकतो आणि मग एक धंदा मेला, एक जन्मला असं दिसतं, दोन्ही खोटं. चांगले डेटाबेस कर्मचारी तेच आहेत का हे जुळवून असले जन्म गाळतात, तुमच्या डेटाबेसने ते केलंय का ते आधी विचारा. फ्रँचायझी कायद्याने नवी, पण नाव, पद्धत, गिऱ्हाइकांची ओळख आयती, त्यामुळे नवेपणाचा धोका (प्रश्न ४) तिथे तपासायला घेतलात तर उत्तर आधीच वाकडं. फुटून निघालेले नवेच धरतात, ते रिसर्चचं आवडतं खाद्य आहे: विल्यम शॉकलीच्या ट्रान्झिस्टर कंपनीला सोडून आठ जणांनी १९५७ मध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली, तिच्यातून फुटून पुढे कित्येक निघाल्या, १९६८ ची इंटेल त्यातलीच, आणि स्टीव्हन क्लेपर यांनी मोटार उद्योगातही दाखवलं की चांगल्या कंपनीतून निघालेले बाहेरून आलेल्यांपेक्षा जास्त तगतात.

आणि नुसते अर्ज मोजत असाल तर आणखी जपून. अमेरिकेत नव्या धंद्यासाठी कर-नंबराचे अर्ज २०१९ मध्ये ३५ लाखांच्या आसपास होते, २०२१ मध्ये ५४ लाखांच्या. त्यातल्या बहुतेकांनी कधी कोणाला कामावर ठेवलेलं नसतं. तरी अर्जांत कोणते पुढे पगार देतील याचा अंदाज बांधून तो वेगळा छापला जातो, प्रबंधात तो रकाना वापरा, एकूण बेरीज नको.